सिमेंट बोर्डला नळांसाठी भोके पाडताना: माप, हत्यार आणि धूळ

ओलीभिंत

नमस्कार. न्हाणीघराचे नूतनीकरण मी स्वतः करायला घेतले आहे. जुन्या टाइल्स आणि त्यांच्या मागचा कुजलेला जिप्सम बोर्ड काढून टाकला असून शॉवरच्या तिन्ही बाजूंची लाकडी चौकट आता उघडी आहे. तिच्यावर १२ मिलीमीटर जाडीचा सिमेंट बोर्ड बसवून त्यावर टाइल्स लावायच्या आहेत. ज्या भिंतीत नळ आहेत तिथे अडलो आहे, कारण त्या एका बोर्डातून शॉवरची नळी, खालच्या तोटीची नळी आणि गरम-थंड पाण्याच्या मिक्सरचा भिंतीत दडणारा भाग अशा तीन गोष्टी बाहेर यायला हव्यात.

पहिला बोर्ड काल वाया गेला. शॉवरच्या नळीचे अंतर मी शेजारच्या भिंतीच्या उघड्या चौकटीपासून मोजले, ते ४१२ मिलीमीटर भरले. उंची शॉवर ट्रेच्या काठापासून मोजली आणि दोन्ही मापे जशीच्या तशी बोर्डावर उतरवली. मग लाकडाला वापरतात ते चपटे पाते ड्रिलला लावून भोक पाडायला घेतले. अर्ध्या मिनिटात पात्याची धार गेली, टोक निळे पडले आणि मी हट्टाने दाब वाढवला. बोर्ड उलटा केला तेव्हा मागच्या बाजूने तळहाताएवढा टवका उडालेला दिसला आणि आतली काचधाग्यांची जाळी लोंबत होती. एवढे करून भोक नळीसमोर आलेच नाही, ते आडवे १५ आणि उभे ६ मिलीमीटर सरकले होते. माप दोनदा तपासूनही हे कसे झाले, आणि दुसऱ्या बोर्डाला हात लावण्यापूर्वी मी काय शिकून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ओळंबा

आपले माप चुकलेले नाही, ते जिथून घेतले ती जागा चुकली आहे, आणि आपण दिलेल्या आकड्यांतच त्याचे उत्तर आहे. शेजारच्या भिंतीवर अजून बोर्ड चढलेला नाही. तो चढला की १२ मिलीमीटर जागा तो घेणार, आणि कोपऱ्यात दोन बोर्डांमध्ये साधारण ३ मिलीमीटरची फट ठेवावी लागते. हे दोन्ही मिळून १५ होतात. बोर्डाची खालची कडा ट्रेवर टेकवायची नसते, कारण तिथून बोर्ड पाणी शोषून घेतो. म्हणून खाली ६ मिलीमीटरची फट राहते आणि तेवढ्याने आपले भोक वर गेले. आडवे माप ४१२ ऐवजी ३९७ घ्यायला हवे होते आणि उंचीतून ६ वजा करायला हवे होते.

ही वजाबाकी डोक्यात करण्यापेक्षा ती करावीच लागू नये अशी व्यवस्था करावी. शेजारच्या भिंतीचा बोर्ड आधी बसवून टाका. ट्रेच्या काठावर ६ मिलीमीटर जाडीच्या दोन पट्ट्या ठेवा, कोपऱ्यात ३ मिलीमीटरची कपची धरा आणि सगळी मापे या पट्ट्यांच्या माथ्यापासून आणि कपचीच्या बाहेरच्या कडेपासून घ्या. म्हणजे बोर्डाची कडा जिथे येणार आहे तिथूनच आपण मोजत असाल.

यापेक्षा खात्रीची एक रीत मी नेहमी वापरतो. बोर्ड ज्या जागेत बसणार त्या जागेएवढा जाड पुठ्ठा कापून तो त्याच फटींसह भिंतीवर धरावा, नळ्यांची भोके त्याला चाकूने पाडावीत आणि पुठ्ठा नळ्यांवर सहज सरकतो की नाही ते पाहावे. पुठ्ठ्यात चूक झाली तर दुसरा पुठ्ठा घेता येतो. तो बरोबर बसला की त्याच्यावर ‘समोरची बाजू’ आणि ‘वर’ असे ठळक लिहून मगच तो बोर्डावर ठेवून आखणी करावी. हे लिहिण्याचा आग्रह अशासाठी की पुठ्ठा उलटा पडला की डावीकडचे भोक उजवीकडे जाते, आणि नवशिक्यांइतकेच हात बसलेले लोकही इथे फसतात.

मंदगती

मापाबद्दल ओळंबा यांनी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे काही नाही, म्हणून मी हत्याराविषयी लिहिते.

सिमेंट बोर्ड दिसायला फळीसारखा असला तरी त्याचा गाभा वाळू-सिमेंटचा असतो आणि साधे पोलादी पाते त्यावर घासून बोथट होते. लाकडासाठीचे चपटे पाते इथे पूर्णपणे चुकीचे आहे. नळीएवढ्या लहान भोकांसाठी टंगस्टन कार्बाइडच्या दातांचा किंवा कार्बाइडचे कण बसवलेला होल सॉ, म्हणजे पेल्याच्या आकाराची गोल करवत, घ्यावा. हिऱ्याचे कण असलेले कोअर बिट, म्हणजे पोकळ नळीसारखे पाते, तेही उत्तम चालते. मात्र त्याला मध्यभागी टोक नसते आणि सुरुवातीला ते बोर्डावरून घसरते. त्यासाठी प्लायवुडच्या तुकड्याला त्याच मापाचे भोक पाडून तो तुकडा बोर्डावर क्लॅम्पने घट्ट आवळावा आणि त्या भोकातून बिट उतरवावे.

ड्रिलची हातोडी, म्हणजे फिरताना ठोके देण्याची सोय, बंद ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ठोके बसले की गाभा आतून सुटतो आणि आपल्याकडे उडाला तसा टवका उडतो. वेग कमी ठेवावा. होल सॉला मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपासचा वेग पुरतो. दाबही बेताचा असावा. भुकटी सतत बाहेर पडत असेल तर पाते कापत आहे असे समजावे. भुकटी थांबली आणि नुसता आवाज वाढला तर पाते झिजले आहे किंवा भुकटी आत कोंबली गेली आहे, तेव्हा ते बाहेर काढून साफ करावे.

मागची बाजू फुटू नये यासाठी दोन गोष्टी करते. बोर्ड हवेत न धरता त्याच्याच टाकाऊ तुकड्यावर सपाट ठेवते, म्हणजे मागच्या जाळीला टेकू मिळतो. मग मधले बारीक भोक आरपार पाडून समोरून निम्म्या जाडीपर्यंतच कापते, बोर्ड उलटा करते आणि त्याच बारीक भोकात टोक बसवून उरलेली निम्मी जाडी मागून कापते. दोन्ही काप मध्यात भेटतात आणि चकती पात्यात अडकून अखंड बाहेर येते.

भोकाचा व्यास नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा ६ ते ८ मिलीमीटरने मोठा असावा. ‘अर्धा इंची’ म्हणून मिळणाऱ्या सीपीव्हीसी नळीचा बाहेरचा व्यास सुमारे १६ मिलीमीटर असतो, तर अर्धा इंची लोखंडी नळीचा २१ मिलीमीटरहून थोडा अधिक. त्यामुळे नावावर विसंबू नये, कॅलिपरने मोजावे. मोकळी जागा लागते ती नळी हलते म्हणून. सीपीव्हीसीची एक मीटर लांबी ४० अंश सेल्सियसच्या फरकाने जवळजवळ अडीच मिलीमीटरने वाढते. भोक नळीला घट्ट बसले तर प्रत्येक गरम आंघोळीच्या वेळी ती सिमेंटच्या कडेवर घासत राहील. उलट भोक फार मोठेही नको, कारण वरून बसणाऱ्या स्टीलच्या चकतीखाली ते पूर्ण झाकले गेले पाहिजे.

हिरापाते

होल सॉची शिफारस लहान भोकांपुरती मान्य आहे, पण मिक्सरच्या भोकाला तो पुरणार नाही. तिथे १२० ते १५० मिलीमीटरचा गोल किंवा चौकोन लागतो, आणि एका भोकासाठी एवढा मोठा होल सॉ कोणी घेत नाही. मी अँगल ग्राइंडरला अखंड कडेची हिऱ्याची चकती लावून हे काम करतो. कंपासने वर्तुळ दोन्ही बाजूंना आखायचे, त्याच्या आत बसेल असा चौकोन आधी कापून काढायचा आणि मग ग्राइंडर किंचित तिरपा धरून उरलेली कमान थोडी थोडी खरवडत रेषेपर्यंत यायचे. दहा मिनिटांत स्वच्छ काम होते.

श्वासमोकळा

हिरापाते यांच्या कामाच्या सफाईबद्दल मला शंका नाही, पण हा सल्ला असाच सोडून देणे मला योग्य वाटत नाही. ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि सिमेंट बोर्डाची जी धूळ करते ती डोळ्यांना पूर्ण दिसतसुद्धा नाही. त्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. ४ मायक्रोमीटरहून बारीक कण फुफ्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोचतात, तिथे व्रण करतात आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली श्वासातून जाणाऱ्या स्फटिक सिलिकेला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेने २०१६ साली कामगारांसाठी ठरवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम इतकी आहे. बंद न्हाणीघरात कोरड्या ग्राइंडरने दहा मिनिटे कापणे म्हणजे या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जाणे आहे.

माझे वडील आयुष्यभर दगड कापत आले. शेवटच्या वर्षांत जिना चढताना ते प्रत्येक तिसऱ्या पायरीवर कठड्याला धरून थांबत असत. त्यामुळे या विषयावर मी जरा आग्रहाने लिहितो, ते समजून घ्यावे.

कापायचेच असेल तर बोर्ड घराबाहेर उघड्यावर न्यावा आणि वारा आपल्या पाठीमागून येईल असे उभे राहावे. जिथे हत्याराची रचना ओल्या कापासाठी आहे तिथे पाणी वापरावे. साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी सोडणे मात्र विजेच्या धक्क्याला आमंत्रण आहे, त्यापेक्षा धूळ ओढणारे झाकण आणि अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा गाळणीचा व्हॅक्यूम जोडावा. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग होत नाही. निदान एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मुखवटा चेहऱ्याला चारही बाजूंनी घट्ट बसलेला असावा, आणि दाढी असेल तर तो बसत नाही. नंतर झाडू मारू नये, कारण बसलेली धूळ पुन्हा उडते; ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

आणखी एक, भिंतीतून निघालेल्या जुन्या बोर्डाविषयी. इमारत जुनी असेल आणि मागे सिमेंटचा जुना पत्रा किंवा बोर्ड सापडला तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तो तपासून घेतल्याशिवाय त्याला ड्रिल, करवत किंवा हातोडी लावू नये.

हिरापाते

आपले म्हणणे मी मान्य करतो. मी बाहेर अंगणात आणि व्हॅक्यूम जोडूनच कापतो, पण ते लिहिले नाही ही माझी चूक झाली. वाचणारा न्हाणीघरातच ग्राइंडर सुरू करेल हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

ओलीभिंत

सर्वांच्या सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. शेजारचा बोर्ड आज बसवला आणि पुठ्ठ्याचा साचाही तयार केला. ग्राइंडर माझ्याकडे नाही, आणि वरचे वाचून तो आणण्याची इच्छाही उरलेली नाही. मिक्सरचे मोठे भोक ग्राइंडरशिवाय कसे पाडावे? शिवाय साचा लावल्यावर असे दिसले की खालच्या तोटीची नळी बोर्डाच्या खालच्या कडेपासून जेमतेम ३० मिलीमीटरवर येते. तिथे भोक पाडले तर खालची पट्टी तुटेल अशी भीती वाटते.

मंदगती

आधी आपला बोर्ड कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा, कारण दोन प्रकार मिळतात आणि त्यांची वागणूक वेगळी आहे. आपण जाळी लोंबताना पाहिली, म्हणजे तो दोन्ही तोंडांना काचधाग्यांची जाळी असलेला सिमेंट बोर्ड आहे. त्याचा गाभा ठिसूळ आणि खडबडीत असतो आणि बळ जाळीत असते. दुसरा प्रकार फायबर सिमेंटचा. त्यात जाळी नसते, लाकडाच्या लगद्याचे तंतू सर्व जाडीभर मिसळलेले असतात. तो घट्ट आणि गुळगुळीत असतो, त्याच्या कडा स्वच्छ येतात, पण पाते लवकर झिजवतो.

जाळीच्या बोर्डासाठी एक जुनी, विजेच्या करवतीशिवायची रीत आहे आणि तिच्यात धूळही फार कमी होते. मध्यातून बारीक भोक आरपार पाडा आणि त्याच मध्याने दोन्ही तोंडांवर वर्तुळ आखा. कटरने दोन्ही बाजूंची जाळी त्या रेषेवर पूर्ण कापा. एका फेरीत ती कापली जात नाही, तीन-चार वेळा पाते फिरवावे लागते. मग रेषेच्या अगदी आतून ६ मिलीमीटरच्या मेसनरी बिटने जवळजवळ भोके पाडत वर्तुळ पूर्ण करा. शेवटी बोर्ड टेकूवर ठेवून मधल्या भागावर हातोडीने हलके ठोके द्या. जाळी कापलेली असल्यामुळे चकती रेषेवरच तुटते आणि टवका पलीकडे पसरत नाही. उरलेले दाते जाड कानशीने काढावेत.

जिगसॉ असेल तर त्याला कार्बाइडचे कण असलेले पाते लावूनही हे होईल. वेग मंद ठेवावा आणि बुडाच्या पट्टीला चिकटपट्टी लावावी, म्हणजे ती जाळीवर अडकत नाही.

कडेजवळच्या नळीसाठी बंद भोक पाडूच नका. दोन सरळ काप आणि माथ्यावर अर्धगोल असा उभ्या खाचेचा आकार द्या. ३० मिलीमीटरची पट्टी चुकून टिकलीच तरी स्क्रू मारताना तुटेल. खाचेतली नळीखालची मोकळी जागा नंतर बोर्डाच्याच तुकड्याने, टाइल अ‍ॅडेसिव्हने आणि अल्कलीला टिकणाऱ्या जाळीच्या पट्टीने भरून घेता येते.

ओळंबा

मिक्सरचे भोक पाडण्याआधी त्याची खोली तपासा. बोर्ड चढल्यावर ती बदलता येत नाही. भिंतीत दडणाऱ्या मिक्सरवर तयार पृष्ठभाग कुठून कुठपर्यंत चालेल याच्या किमान आणि कमाल खुणा असतात. १२ मिलीमीटर बोर्ड, ४ मिलीमीटर अ‍ॅडेसिव्ह आणि ९ मिलीमीटर टाइल धरली तर चौकटीच्या तोंडापासून तयार पृष्ठभाग २५ मिलीमीटर पुढे येतो. ती रेषा दोन खुणांच्या मध्ये पडत नसेल तर मिक्सर आत्ताच पुढेमागे करून घ्या. भोकाचा आकार उत्पादकाने दिलेल्या साच्याप्रमाणेच ठेवा, कारण दुरुस्तीच्या वेळी आतले स्क्रू आणि पाणी बंद करण्याच्या लहान झडपा तिथूनच हाताला लागायला हव्यात.

चौकटीची उभी फळी, वायर किंवा दुसरी नळी भोकाच्या मागे कुठे जाते याचे छायाचित्र बोर्ड चढवण्याआधी फूटपट्टी धरून काढून ठेवा. आज दोन मिनिटे लागतील, आणि पुढे हँडलचा स्क्रू मारताना ते उपयोगी पडेल.

पाणीअडवा

मी टाइल्सच्या मागचे जलरोधक काम करतो, आणि भोक नीट पडले म्हणजे काम झाले असे समजून सोडलेल्या भिंती मला वारंवार उघडाव्या लागतात. सिमेंट बोर्ड पाण्याने कुजत नाही, फुगत नाही, हे खरे आहे. पण तो पाणी अडवतही नाही. ग्राउटमधून, म्हणजे टाइल्समधल्या सांध्यांच्या भरणीतून, झिरपलेले पाणी बोर्डात शिरते आणि जिथे वाट मिळेल तिथून मागच्या लाकडापर्यंत जाते. नळीभोवतीचे भोक ही सर्वांत सोपी वाट असते. स्टीलची चकती ते झाकते, बंद करत नाही.

क्रम असा ठेवावा. कापलेल्या कडेवरची भुकटी ओल्या स्पंजने पूर्ण काढावी, नाहीतर त्यावर काहीही चिकटत नाही. नळी आणि बोर्ड यांच्यातली फट लवचीक सीलंटने भरावी. तिथे अ‍ॅडेसिव्ह किंवा ग्राउट भरू नये, कारण ते कडक होते आणि नळी हलली की तडकते. त्यावर जलरोधक थराशी जुळणारी रबरी कॉलर नळीवरून घट्ट सरकवून बोर्डावर चिकटवावी आणि मग जलरोधक लेपाचे दोन हात कॉलरच्या कडेवर चढतील असे द्यावेत. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. लेप आणि सीलंट एकमेकांना धरतात की नाही हे डब्यावरच्या सूचनांत पाहून घ्यावे, कारण सिलिकॉनवर बहुतेक लेप चिकटत नाहीत. टाइल्स लागल्यावर चकतीच्या मागेही सिलिकॉनची कडा फिरवावी, पण तळाशी बोटभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढे कधी आत गळती झालीच तर पाणी बाहेर येऊन दिसेल.

ओलीभिंत

आज काम झाले, ते सविस्तर कळवतो.

बोर्ड अंगणात दोन घोडींवर ठेवला आणि खाली कालच्याच फुटक्या बोर्डाचे तुकडे दिले. शॉवरच्या नळीचा बाहेरचा व्यास १६ मिलीमीटर भरला, म्हणून २२ मिलीमीटरचा कार्बाइड होल सॉ वापरला. समोरून कापताना राखाडी भुकटी गोल कड्यासारखी भोकाभोवती साचत होती. निम्म्यावर थांबलो, बोर्ड उलटा केला आणि मागून सुरुवात केली. काही क्षणांत हाताला एकदम हलके वाटले आणि पाते मोकळे फिरू लागले. आत दोन्ही तोंडांची जाळी शाबूत असलेली पूर्ण चकती होती. भोकाच्या मागच्या कडेवर बोट फिरवून पाहिले, एकही टवका उडालेला नव्हता.

मिक्सरसाठी मंदगती यांची रीत वापरली. १३० मिलीमीटरच्या वर्तुळावर एकूण चाळीसहून अधिक भोके पडली आणि त्याला पाऊण तास लागला. एका ठिकाणी मागची जाळी कापायची राहिली होती. ठोके देताना चकती तिथे अडकली तेव्हा ते कळले, आणि थांबून कटर फिरवल्यावर ती सुटली. खालच्या नळीसाठी खाच केली. मुखवटा शेवटपर्यंत काढला नाही.

बोर्ड भिंतीला लावला तेव्हा तिन्ही नळ्या एकदम आत गेल्या. फक्त मिक्सरच्या डाव्या बाजूला माझी रेषा थोडी बाहेर गेल्याने फट १४ मिलीमीटर झाली आहे. मिक्सरची चौकोनी पट्टी ती झाकते, पण पाणीअडवा यांचे वाचल्यावर ती तशीच सोडावीशी वाटत नाही.

पाणीअडवा

१४ मिलीमीटरची फट नुसत्या सीलंटने भरू नका, ते खाली ओघळते आणि मधे पोकळी राहते. मागे बसेल असा बोर्डाचा चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा कापा, त्याला अ‍ॅडेसिव्ह लावून भोकातून आत घाला आणि मागच्या बाजूला चिकटवून वाळेपर्यंत तारेने ओढून धरा. दुसऱ्या दिवशी समोरून अ‍ॅडेसिव्ह भरून जाळीची पट्टी दाबा आणि मिक्सरलगत ५ मिलीमीटरची जागा सीलंटसाठी राखा. तुकडा मिक्सरच्या झडपांच्या आड येत नाही ना, हे तार आवळण्याआधी पाहून घ्या.

ओलीभिंत

तुकडा काल बसवला आणि झडपांपर्यंत पेचकस पोचतो हे तपासले. आज सकाळी तार कापली, तुकडा पक्का धरला आहे. स्क्रू २०० मिलीमीटरच्या अंतराने मारून झाले आहेत. उद्या सांध्यांवर जाळीची पट्टी आणि परवा लेपाचा पहिला हात देणार आहे.

मंदगती

स्क्रूंची डोकी बोर्डाच्या पातळीत आली आहेत ना, हे पट्टी बसवण्याआधी पोलादी पट्टी फिरवून पाहा. जिथे डोके खोल जाऊन जाळी फाटली असेल तिथे तो स्क्रू धरत नाही. शेजारी ४० मिलीमीटरवर, फळीतच, दुसरा मारावा.

ओलीभिंत

असे तीन निघाले, तिन्ही मिक्सरच्या भोकाजवळचे. शेजारी नवे मारले आहेत.